टेलआप्पा

आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की सोपानआप्पा वाढप्याचा दंड धरतात आणि त्याला पार शेवटच्या पानापाशी नेऊन उभा करतात. "हितून वाढत ये. टेलकडून." वाढपी नवखा असला की गोंधळतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला स्वतःलाच आधी पाहिजे. पण आप्पा बसलेले असतात मधोमध, आणि मान वाकडी करकरून शेवटाकडं बघत असतात. तिथं वरण पडलं की यांचा जीव भांड्यात पडतो. एका लग्नात नवरदेवाचा मामा सगळ्यात वरच्या पानावर होता. त्याच्यापर्यंत जिलबी पोचेस्तोवर जिलबीच संपली. मामा ताटावरून उठला, मुलीचा बाप हात जोडून मागं मागं. आप्पा शांतपणे भात कालवत म्हणाले, "वरच्या पानाचं काय घेऊन बसलाव? त्याला कवाबी भेटतंय."

टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. आप्पा सगळी नोकरी पाटकरी होते. धरणातून कालव्याला पाणी सुटलं की कुठल्या चारीचं, म्हणजे रानाकडं जाणाऱ्या छोट्या पाटाचं, दार कधी उघडायचं, कुणाच्या रानात किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. कालव्याच्या तोंडाला ज्यांची रानं ते हेडवाले, शेवटाला ज्यांची ते टेलवाले. हेडवाले काय करतात, तर गुमान दार उघडं ठेवतात, आणि टेलवाला बिचारा खांद्यावर फावडं घेऊन कोरड्या चारीत उभा. आप्पांची उमर गेली ती हेडवाल्यांशी भांडून टेलला पाणी पोचवण्यात. एकदा त्यांना चारीत ढकलून मारलंसुद्धा. ओल्या कपड्यानं उठले आणि आधी दार बंद केलं, मग दवाखान्यात गेले. रिटायर झाले तरी कालवा काही डोक्यातून गेला नाही.

पेपर ते शेवटच्या पानापासून वाचतात. एकदा डोकं दुखतंय म्हणून गेवराईला डॉक्टरकडं गेले आणि टेबलावर बसून चपला काढल्या. डॉक्टर म्हणाले, "बाबा, दुखतंय काय?" म्हणाले, "डोकं. पर आदी टेल बगा." डॉक्टरांनी हसत हसत बघितलं, तर अंगठ्याला चिघळलेली जखम. रक्त तपासलं, शुगर निघाली. त्या दिवसापासून तर विचारूच नका. आप्पांच्या टेलशास्त्राला डॉक्टरचा सहीशिक्का मिळाला, आणि गल्लीत ते टेलआप्पा झाले.

आता माझी आणि त्यांची ओळख कशी, तर माझं घर गल्लीच्या टेलला. आमच्या उमापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आप्पांचं घर टाकीला लागून, म्हणजे हेडला. नळ आला की बाकीचे लोक धडाधड मोटारी लावतात. आप्पा स्वतःच्या नळाला बूच मारतात आणि "मोटर बंद करा रे" असं ओरडत निघतात ते थेट माझ्या अंगणात येऊन थांबतात. "काय टेल, आलं का?" माझा शेवटचा हंडा भरला की घरी जाऊन बूच काढतात. बऱ्याच वेळा तोवर नळ गेलेला असतो. मग मीच दोन कळशा देते.

"मला नाव आहे आप्पा," मी एकदा म्हटलं. "टेल काय म्हणता?"

"नाव हाय की. पर घर टेललाच हाय ना?" असं म्हणून चालू पडले. अशा माणसाशी काय बोलणार!

मी तोंडानं फटकळ आहे, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको. मी घरी ब्लाऊज शिवते. आमचे हे गेवराईला बी-बियाण्याच्या दुकानात जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर घरात मी, शिलाई मशीन आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मागच्या साली अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण त्या काही उठून चालत्या झाल्या नाहीत. वर लघवीचा ताबा गेला. रोज दोन-तीन चादरी, लुगडं, खालचं गोधडं. माझ्या हाताची सालटं निघाली तेव्हा पुण्याच्या दिरांनी धुण्याचं मशीन पाठवलं. समोरून दार असलेलं, काचेचं. ते मागच्या पडवीत ठेवलं. आत्याबाईंच्या खोलीचं दार तिथंच.

आणि हीच माझी चूक. चादरी मशीनमध्ये कोंबताना माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. "आज परत तिसरी. आता हिरवी पण गेली. घरात काय चादरींची गिरणी हाय का?" मी मशीनला बोलत होते, देवाशपथ. पण दार उघडं असायचं. आत्याबाई कधी काही बोलल्या नाहीत. उलट हळूहळू चादरी कमी भिजायला लागल्या. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. मला वाटलं, औषध लागू पडलं.

औषध कुठलं लागू पडतंय! त्यांनी पाणी प्यायचंच सोडलं होतं. गोळी गिळायला घोटभर, की झालं. "तहान न्हाई" म्हणून तोंड फिरवायच्या. ओठ सुकून पापुद्रे निघाले. डॉक्टरांनी मलाच झापलं. म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील, आठवड्यात फरक पडला नाही तर बीडला भरती करा. भरतीचं नाव काढलं की आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणायच्या, "मला आता कुठं नेऊ नको. घरातच मरू दे." आणि पाण्याचा पेला तसाच भरलेला. मी हात जोडले, रागावले, चमच्यानं पाजून बघितलं. चमचा दातावर वाजायचा, पण तोंड उघडायचं नाही. मला वाटलं, हट्ट. वीस वर्षं एका घरात काढलीत, एकमेकींचे हट्ट आम्हाला पाठ आहेत.

असा सगळा घोर लागलेला, त्यात एका सकाळी धुण्याचं मशीन बंद पडलं. आत काठोकाठ पाणी, चादर काचेला चिकटलेली, दार काही उघडेना, आणि पडद्यावर कसलंसं अक्षर लुकलुकतंय. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बीडहून यायला चार दिवस लागतील. मी म्हटलं, चार दिवस आत्याबाईंच्या खाली काय अंथरू? त्याला काय कळणार मी काय विचारतेय ते. फोन ठेवला आणि पडवीतच कपाळाला हात लावून बसले.

नेमका तो नळाचा दिवस. "काय टेल, आलं का?" करत आप्पा अंगणात आले.

"आलंय, पण जात नाहीये," मी म्हटलं. चुकलंच माझं.

कुठं काही तुंबलंय असं कानावर आलं की आप्पांच्या अंगात वारं शिरतं. गटार असो, मोरी असो, हे हजर. कळकाची लांब कामटी, बॅटरी, खांद्यावर गमजा. चहा नको, पाणी नको. एकच अट, जे निघेल त्याचा पंचनामा होणार. कालव्यात कुणी पोत्याचा बोळा कोंबून पाणी अडवलं की तिथल्या तिथं चार पंच बोलावून कागद करायचा, ही त्यांची जुनी सवय. ती त्यांनी गावच्या मोऱ्यांना लावली. निघालेला गाळ ते पेपरावर पसरतात, काडीनं एकेक वस्तू बाजूला करतात आणि जमलेल्या लोकांपुढं गुन्हेगार जाहीर करतात. शेजारच्या सिंधूच्या मोरीतून गुटख्याच्या पुड्या निघाल्या. तिच्या नवऱ्यानं खंडोबाची शपथ घेऊन गुटखा सोडलेला होता. आप्पांनी पुड्या मोजल्या, त्याही मोठ्यानं. तो बिचारा आठ दिवस रानात झोपायला. तर दुसऱ्या एका घरात ज्या डोरल्याच्या चोरीचा आळ सासूनं सुनेवर घातला होता, ते मोरीच्या गाळात निघालं, आणि ती सून भर अंगणात आप्पांच्या पाया पडली. तेव्हा आप्पांना मोरी दाखवावी की नाही, यावर आमच्या गल्लीत एकमत नाही.

"आदी टेल बगू," आप्पा म्हणाले आणि मशीनकडं ढुंकूनही न बघता परसात गेले.

मशीनचा पाईप भिंतीतून परसात निघतो आणि नळीनं नळीनं केळीच्या बुडात जातो. आप्पा केळीपाशी उकिडवे बसले. नळीचं तोंड हातात घेतलं, आत बॅटरी मारली, मग तोंड लावून फुंकलं. वर मशीनमध्ये बुडबुडसुद्धा झालं नाही. मग कामटी घातली. मग माझं खुरपं मागून घेतलं आणि केळीपासून भिंतीपर्यंत नळी उकरून वर काढली. माझ्या दोन मिरच्यांची रोपं त्यात गेली. मी हाका मारून थकले.

"अहो आप्पा, पुस्तकात लिहिलंय. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली झाकण आहे, त्याच्या आत जाळी असते, ती साफ करा म्हणून."

"पुस्तकं समदी हेडवाल्यानी लिहिल्याली असत्यात," आप्पा म्हणाले. "तुंबा कवाबी टेलला असतो."

सिंधू भिंतीवरून डोकावली. "काय निघालं का आप्पा?" तिला दुसऱ्याच्या घरचा पंचनामा बघायचाच होता. गुटख्याचं उट्टं काढायचं होतं म्हणा ना. ती पदर खोचून आलीच आमच्याकडं.

दहा वाजले, अकरा वाजले. नळीतून एक बेडूक निघाला. आप्पांनी त्याला तळहातावर घेऊन नीट बघितलं आणि निर्दोष सोडून दिला. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसायला लागली. एवढी स्वच्छ नळी दुकानातसुद्धा मिळणार नाही. मशीन मात्र तसंच तुडुंब.

शेवटी आप्पा कमरेवर हात ठेवून उठले. मातीनं भरलेले, घामाघूम. जरा ओशाळलेले पण. "सारी नोकरी झाली," ते म्हणाले, "हेडला तुंबल्यालं आजच बगायलो." आणि पडवीत येऊन मशीनपुढं मांडी घालून बसले.

इथून पुढं मात्र त्यांचं काम बघावं. "वायर काडली का?" काढलीय म्हटल्यावर खालचं झाकण नखानं उघडलं. आत हाताच्या मुठीएवढी चकती. मी परात आणून खाली सरकवली. "आता बगा. गेट कवाच एकदम उघडायचं न्हाई. येक पीळ द्यायचा, थांबायचं. पानी काय म्हनतंय ऐकायचं." चकती अर्धा आटा फिरवली. बारीक धार लागली. परात भरली की ते चकती आवळायचे, मी परात मोरीत ओतून यायची, ते परत अर्धा आटा सोडायचे. माझ्या हातून हे झालं असतं तर पडवीत गुडघाभर पाणी झालं असतं. सिंधू नुसती बघत उभी. परात उचलू का म्हणून एका शब्दानं विचारलं नाही तिनं.

पाणी संपलं. आप्पांनी चकती पूर्ण काढली, आत दोन बोटं घातली आणि चेहरा एकदम खुलला. "हाय हाय हाय! सूनबाई, पेपर आना. पंचनामा!"

पेपर अंथरला. आत्याबाईंच्या दारापुढंच, कारण उजेड तिथं. आप्पांनी बोटांनी गाळ ओढून काढायला सुरुवात केली. आधी केसांचं आणि दोऱ्यांचं एक गुंडाळं. मग ब्लाऊजचा हूक. मग कापडाचे तुकडे. अबोली, मोरपंखी, पांढरं अस्तर, पुन्हा अबोली. आप्पा काडीनं एकेक पसरत होते आणि आवाज चढवत होते. "अबोली, येक. मोरपंखी, येक. अस्तर, दोन. पंचांनी बगून घ्यावं. सूनबाई, गुन्हेगार घरातच हाय. ब्लाउजवाली!"

सिंधू तोंडाला पदर लावून हसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "माझं कातरण मी पोत्यात भरून बांधून ठेवते आप्पा! एक चिंधी इकडं येऊ देत नाही. मला काय खूळ लागलंय का मशीनमध्ये कातरण टाकायला?"

"मंग हे काय आभाळातून पडलं?" म्हणत त्यांनी आत पुन्हा बोटं घातली आणि एक तुकडा अख्खा बाहेर काढला.

तो तुकडा नव्हता. तळहाताएवढी घडी होती. चार-पाच पदर एकावर एक, आणि चारी कडांना धावदोरा घातलेला. बारीक, सरळ, एकसारखे टाके. मधून पण दोन ओळी मारलेल्या, गोधडीला मारतात तशा. मी तरी बावळटासारखी म्हटलं, "ही कुणी शिवली?"

आप्पांनी घडी उलटी केली, सुलटी केली, अंगठ्यानं टाक्यांवरून हात फिरवला. मग मान वर करून दारातून आत बघितलं. मीही बघितलं. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं, पदर डोक्यावरून पार गळ्यापर्यंत ओढला होता, आणि खांदे हलत होते.

महिन्यापूर्वी त्यांनी माझ्याकडं सुई-दोरा मागितला होता. वेळ जात नाही म्हणाल्या. कातरणाचं पोतं त्यांच्याच कॉटखाली असतं.

"कुणी शिवली म्हंजे?" आप्पा एकदम खेकसले. "माजा रुमाल हाय ह्यो! मगा वाकलो तवा खिशातून पडला."

"आप्पा," सिंधू म्हणाली, "मशीनच्या आतून निघाला की आत्ता. रुमाल आत कवा गेला? आन असला शिवल्याला रुमाल?"

"माज्या घरी मीच शिवतो! एकटा मानूस काय करंल? आन हे बाकीचं कातरणबी माजंच. मागल्या खेपेला गमज्यात गुतून आलं आसंल." असं म्हणून त्यांनी सगळा पेपर गोळा केला, त्याचा बोळा करून बगलेत दाबला. "गुन्हेगार सोपान. झाला पंचनामा. निघ आता, सिंधू. तुजं दूध उतू जायलंय बग."

"म्या दूध ठिवलंच न्हाई."

"मंग जाऊन ठेव!"

सिंधू गेली. आप्पांनी एवढं धडधडीत खोटं बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं, कान लालबुंद झाले होते.

मला त्यांनी परसात केळीपाशी बोलावलं. नळी परत मातीत दाबत, माझ्याकडं न बघता विचारलं, "पानी पेत्यात का वैनी?"

"नाही," मी म्हटलं. "तेच तर. डॉक्टर रागावले. तहान नाही म्हणतात."

"तहान काहून नसंल? गेट हेडलाच बंद केलंय त्यांनी. आन तरीबी जे झिरपतंय, त्याला ह्या घड्या. चादरीत गुतून मशीनात गेल्या."

मशीनपुढचं माझं सगळं बोलणं मला एकदम ऐकू आलं. तिसरी चादर, हिरवी पण गेली, चादरींची गिरणी. एका बाईनं माझ्या तोंडाच्या भीतीनं पाणी सोडलं होतं, आणि मी तिला हट्टी म्हणत होते. मला लाज वाटली. इतकी की तिथं उभं राहवेना.

आप्पा माती दाबत राहिले. नळी कधीच बसली होती, तरी दाबत होते.

"आमची ही आठ महिने अंथरुनावर हुती," ते म्हणाले. "कालव्याला पान्याची पाळी चालू. म्या सकाळी घागर भरून उशाला ठिवायचो आन दिवस मावळता यायचो. आलो की आदी गादीला हात लावून बघायचो. कोरडी. समद्या गावाला सांगायचो, आमच्या पेशंटाचा काई तरास न्हाई बा. लई समजूतदार." खुरपं बाजूला ठेवलं. "घागरीत पानी किती उरलंय, ते म्या कवा बगितलंच न्हाई. ती गेल्यावर अंथरून काडलं तवा उशीच्या खोळीत अशाच घड्या सापडल्या. लुगड्याच्या. असाच टाका." "गादी कोरडी हाय म्हनून म्या खूश हुतो, सूनबाई."

आप्पांनी गमज्यानं तोंड पुसलं, कामटी उचलली आणि चालते झाले. पेपरचा बोळा बगलेतच होता.

मी आत गेले. माफी मागायची म्हणून गेले, पण आमच्या दोघींत ती भाषा कधी बोलली गेलेली नाही. कॉटखालचं पोतं ओढलं आणि जमिनीवर उपडं केलं. "आत्याबाई," मी म्हटलं, "त्या अबोलीचं कापड पाणी पीत नाही. ते वरवर छान. घडी करायची तर अस्तराची करायची, आणि आत जुन्या धोतराचं फडकं घालायचं. मी मशीनवर शिवते, ढीगभर. तुमच्या हातचा टाका चांगला आहे, पण किती शिवणार?"

त्यांनी पदर काढला नाही.

"आणि मी तोंडाळ आहे," मी म्हटलं. "तुम्हाला माहितीय. मी बोलले ते चुकलं. परत नाही बोलणार. चादर भिजली तर भिजू दे, मशीनचा तुंबा निघालाय."

पदराआडून आवाज आला. "भावजींनी समद्यांपुढं माजं नाव घेतलं न्हाई."

"नाही घेतलं."

"सिंधीला कळलं का?"

"सिंधीला काय कळतंय!"

त्यांना हुंदका आणि हसू दोन्ही एकदमच फुटलं. पण पाणी त्या दिवशी दोन घोटच प्यायल्या. महिन्याची भीती एका दुपारी थोडीच जाते.

दुसऱ्या दिवशी नळाचा दिवस नव्हता, तरी आप्पा आले. पडवीत, आत्याबाईंच्या दाराला मी कालच लावलेल्या पडद्याच्या अलीकडं बसले. "सूनबाई, दोन गिलास पानी आना. येक मला, येक आत वैनीला. डागदरनं मला सांगितलंय, शुगरला पानी लई पेत जा. पर माज्यानं एकट्यानं पेनं हुत न्हाई." त्यांच्या डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. पडद्याबाहेर आप्पांनी पेला तोंडाला लावला. आत काही हालचाल नाही. आप्पांनी पेला खाली ठेवला. "वैनी पेल्याबिगर मी पेत न्हाई. हेडला आदी पानी मी जिंदगीत घेतलं न्हाई." मग पेला उचलल्याचा आवाज, आणि घटघट.

तेव्हापासून हे रोजचं. सकाळी एकदा, चार वाजता एकदा. ही दोघं बोलतात काय, तर काहीच नाही. उमापुरात एकाच गल्लीत राहून चाळीस वर्षं झाली, पण आत्याबाई त्यांच्यापुढून डोईवर पदर घेऊन निघून जायच्या, एवढाच संबंध. आताही तेवढाच. फक्त पडद्याच्या दोन बाजूंना दोन पेले रिकामे होतात. चादरी परत तीन झाल्या. मी त्या मशीनमध्ये टाकते आणि गाणं म्हणते, कारण गप्प राहणं मला जमत नाही. माझं गाणं ऐकण्यापेक्षा बोलणं बरं होतं, असं आत्याबाईंचं मत. डॉक्टरांनी भरतीचं नाव काढलं नाही.

मागच्या आठवड्यात एक दिवस आप्पा आले नाहीत. चार वाजून गेले, साडेचार झाले. आत्याबाईंच्या हातात भरलेला पेला. मला वाटलं, झालं, आता या पण पिणार नाहीत. मी म्हटलं, "आत्याबाई, प्या."

त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि माझ्या हातात दिला. "जा," म्हणाल्या. "भावजींनी पानी पेलं का, इचारून ये. त्यांच्या घरात कुणी इचारनारं हाय का?"

मी गल्लीच्या त्या टोकाला गेले. दार नुसतं लोटलेलं. आप्पा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, अंगठ्याला पट्टी. जखम पुन्हा चिघळली होती, डॉक्टरांनी दोन दिवस पाय खाली टेकू नका म्हणून सांगितलं होतं. घर नीटनेटकं. एक ताट, एक वाटी, एक पेला, तिन्ही पालथी घातलेली.

"आप्पा, आत्याबाईंनी विचारायला पाठवलंय," मी म्हटलं. "पाणी पिलं का?"

"कुनी?"

"आत्याबाईंनी. म्हणाल्या, भावजींनी पाणी पेलं का, विचारून ये."

आप्पांनी कॉटवर हात फिरवून चष्मा शोधला. वाचायचं काही नव्हतं, तरी डोळ्यांना लावला.

"काय म्हनल्या? पुन्ना सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी पेला पुढं केला. मी माठातून भरून दिला. ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि रिकामा पेला माझ्यापुढं वाकडा करून दाखवला.

"सांगा त्यांना," म्हणाले, "पेलं म्हनावं."